जुन्या गाडीचा पॉवर स्टेअरिंग पाईप: मुंबईत शोधायचा कसा, बनवून घ्यायचा कसा

पॉवर स्टेअरिंगचा पाईप फुटला की जुन्या गाडीचा मालक एकच प्रश्न घेऊन दुकानं पालथी घालतो: "इम्पालाचा पाईप आहे का?" किंवा "जुन्या मर्सिडीजचा मिळेल का?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "तो माल आता येत नाही." मग गाडीवर कव्हर चढतं आणि ती सोसायटीच्या कोपऱ्यात महिनोन्‌महिने उभी राहते.

प्रश्न बदला. "तीन सूत आतला व्यास, एका टोकाला बँजो, दुसऱ्या टोकाला पाच सूत अठरा आट्यांचा फ्लेअर नट, मधलं रबर बावीस इंच, तेल एटीएफ" असं सांगितलंत तर नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारातला दुकानदार गाडीचं नावही विचारणार नाही. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अठरा आटे म्हणजे इंचाला अठरा. बँजो म्हणजे पोकळ बोल्टवर बसणारं कडीसारखं टोक, फ्लेअर नट म्हणजे पाईपचं पसरट तोंड बैठकीवर दाबणारा नट, एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल.) पाईपमध्ये म्हातारं होतं ते फक्त रबर. दोन्ही टोकांचे धातूचे तुकडे नीट सांभाळले तर पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचा पाईपही आज मुंबईत नवा करता येतो. म्हणून पाईप गाडीच्या नावाने शोधू नका, मापाने शोधा, आणि जुना पाईप काम पूर्ण होईपर्यंत कुणालाही फेकू देऊ नका.

गळतंय नेमकं कुठून?

तेल चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जातं आणि भलत्याच ठिकाणी थेंब धरतं. त्यामुळे ओला दिसला म्हणून पाईप बदलायचा असं करू नका. पंप, टाकी, पाईप आणि स्टेअरिंग बॉक्स डीग्रीझरने धुवा, पुसून कोरडे करा, वरून थोडी टाल्कम पावडर शिंपडा. इंजिन सुरू करून मदतनिसाला स्टेअरिंग सावकाश दोन्ही बाजूंना फिरवायला सांगा. फुल लॉकवर पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, कारण त्या क्षणी पंप पूर्ण दाबावर असतो आणि तेल झपाट्याने तापतं. पावडरवर पहिली ओली रेघ उमटते ती खरी जागा.

एक गोष्ट काटेकोरपणे पाळा: इंजिन चालू असताना पाईपवर बोट फिरवून गळती शोधू नका. सुईच्या भोकातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, पण आत गेलेलं तेल हात निकामी करू शकतं. असं झालं तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठायचं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा.

गळतीच्या नेहमीच्या जागा म्हणजे क्रिम्प केलेली (रबरावर यंत्राने दाबून बसवलेली) धातूची कॉलर, एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळचा बाक आणि क्लिपखालचा लोखंडी पाईप. ही शेवटची जागा मुंबईत विशेष त्रास देते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यात क्लिपच्या रबराखाली ओल साचते आणि पाईप आतल्या आत गंजतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो. क्लिप सोडून बघितल्याशिवाय त्याला चांगला म्हणू नका. पंपाच्या शाफ्टचं सील किंवा स्टेअरिंग बॉक्सच्या खालच्या शाफ्टचं सील गळत असेल, तर नवा पाईप घालून काहीही साधणार नाही.

पाईप सपशेल फुटला असेल तर गाडी तशीच चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नका. स्टेअरिंग जड का होईना वळेल, पण कोरडा फिरणारा पंप खराब होतो आणि तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडलं तर आग लागू शकते. पंपाचा पट्टा वेगळा असेल तर तो काढून टाका, नाहीतर सरळ टो करा.

कुठला पाईप कशासाठी

टाकीतून पंपाकडे जातो तो सक्शन पाईप. त्यात दाब नसतो, ओढ असते. तो मऊ पडला तर आत चपटा होतो, किंवा सैल क्लिपमधून हवा ओढतो, आणि मग तेलाला फेस येऊन पंप रडायला लागतो. बऱ्याच अमेरिकन गाड्यांत टाकी पंपालाच जोडलेली असते, तिथे हा पाईप नसतोच.

पंपाकडून स्टेअरिंग बॉक्सकडे जातो तो प्रेशर पाईप. जुन्या गाड्यांत साधारण १००० ते १५०० पीएसआय, म्हणजे ७० ते १०० बार दाब यातून जातो. गाडी उभी असताना, पार्किंगमध्ये चाकं वळवताना हा दाब सर्वाधिक असतो, म्हणून मुंबईच्या अरुंद गल्ल्या या पाईपची हायवेपेक्षा जास्त परीक्षा घेतात. बॉक्समधून टाकीकडे परत येतो तो रिटर्न पाईप, कमी दाबाचा, साध्या क्लिपवर बसणारा.

काही गाड्यांत पाईप चार असतात. १९६५ ते ७० ची मस्टँग किंवा १९६३ ते ८२ ची कॉर्व्हेट यांत स्टेअरिंग बॉक्स साधाच असतो, मदत करतो तो लिंकेजला जोडलेला वेगळा सिलिंडर. कंट्रोल व्हॉल्व्हपासून सिलिंडरकडे दोन जादा पाईप जातात आणि दोन्ही दाबाचे असतात. एक गेला असेल तर चारही बदला. त्यांचं वय एकच असतं.

तेल कुठलं आहे ते आधी ठरवा

रबर तेलाप्रमाणे निवडावं लागतं. जुन्या अमेरिकन गाड्या आणि जॅग्वार एक्सजे ६ सारख्या गाड्या लाल एटीएफ वापरतात. हायड्रोन्युमॅटिक सस्पेन्शनच्या जुन्या सिट्रोएनमध्ये बहुधा एलएचएम नावाचं हिरवं तेल असतं. ही खनिज तेलं आहेत आणि त्यांना नायट्राईल रबर चालतं. ब्रेकच्या पाईपचं किंवा रेडिएटर-हीटरच्या पाईपचं रबर बहुधा ईपीडीएम असतं. ते खनिज तेलात फुगतं आणि लोण्यासारखं मऊ पडतं. "हीटरचा पाईप लावून देतो, रिटर्नलाच तर आहे" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा. जर्मन गाड्यांत पेंटोसिनसारखं सिंथेटिक हिरवं तेल असेल तर होज विकत घेताना तसं स्पष्ट सांगा, आणि रंगावरून अंदाज बांधू नका, गाडीचं मॅन्युअल उघडा.

उतरवण्यापूर्वी आणि उतरवताना

आधी फोटो काढा, चारी बाजूंनी, क्लिप कुठे आहेत ते दिसेल असे. मग पाईपच्या वाटेने जाड पण मऊ तांब्याची तार वाकवत न्या, म्हणजे पाईपचा आकार हातात राहील. उतरवलेलं रबर आपला बाक विसरतं, तार विसरत नाही.

नट गंजलेला असेल तर आदल्या रात्री भेदक तेल मारून ठेवा. साध्या फिक्स पान्याने कडा गोल होतात, म्हणून तिथे फ्लेअर नट पाना हवाच. एका पान्याने युनियन धरा, दुसऱ्याने नट फिरवा, नाहीतर पंपावरचं फिटिंगच सैल होतं किंवा लोखंडी पाईप पिळला जातो. उघडी पडलेली तोंडं लगेच स्वच्छ प्लास्टिकच्या बुचांनी बंद करा. चिंधी कोंबायची नाही. तिचा एक धागाही स्टेअरिंगच्या व्हॉल्व्हला अडतो. तेल डब्यात गोळा करा, गटारात सोडू नका.

मापं: सगळं काम इथे ठरतं

एका वहीत पाईपचं चित्र काढा आणि त्यावर मापं लिहा. पूर्ण लांबी, दोन कॉलरमधल्या रबराची लांबी, रबराचा बाहेरचा आणि आतला व्यास, लोखंडी पाईपचा व्यास. दोन्ही टोकं वाकडी असतील तर त्यांच्यातला कोन फार महत्त्वाचा. एक टोक व्हाईसमध्ये धरा, सरळ समोरून बघा आणि दुसरं टोक घड्याळाच्या किती वाजता येतं ते लिहा. हा कोन चुकला की क्रिम्प झालेला पाईप फिरवता येत नाही. जबरदस्तीने बसवला तर रबराला पीळ बसतो आणि तो काही महिन्यांत कॉलरपाशी फुटतो.

आता आटे. यासाठी व्हर्नियर आणि थ्रेड गेज (आट्यांचं अंतर तपासायची दातेरी पट्ट्यांची जुडी) दोन्ही लागतात, एकावर भागत नाही. पाच सूत अठरा आट्यांचा अमेरिकन नट बाहेरून १५.८८ मिलिमीटर भरतो आणि एम १६ चा मेट्रिक १६. व्हर्नियरवर दोन्ही सारखेच वाटतात, वापरलेल्या नटाला तर फरक कळतच नाही. पण अमेरिकन आट्यांचं अंतर १.४१ मिलिमीटर आहे आणि मेट्रिकचं १.५. एकमेकांत घातले तर दोन-तीन फेरे गोडीत जातात, मग अडकतात. तिथे पान्याने जोर केला की पंपाचे आटे गेले, आणि जुन्या गाडीचा पंप मिळवणं पाईपहून कितीतरी कठीण आहे. तसंच ९/१६ अठरा आणि एम १४ यांचं. आपल्या बाजारात पाण्याच्या आणि हवेच्या लाईनमुळे बीएसपी (ब्रिटिश पाईप मापाच्या) आट्यांची फिटिंग भरपूर असतात. ३/८ बीएसपी बाहेरून १६.६६ मिलिमीटर भरतं. "जवळपास बसतंय" म्हणून ते घेऊ नका.

तोंडाचा प्रकारही लिहा. जुन्या अमेरिकन गाड्यांत आत ४५ अंशांचा इन्व्हर्टेड फ्लेअर असतो. साधारण १९८० नंतर जनरल मोटर्सच्या गाड्यांत मेट्रिक आटे आणि ओ-रिंग आली. युरोपियन गाड्यांत बँजो बोल्ट आणि दोन वॉशर खूप दिसतात. हायड्रॉलिकच्या दुकानात सहज मिळतं ते जेआयसी जातीचं फिटिंग, ३७ अंशांच्या तोंडाचं. ४५ च्या बैठकीवर ३७ अंशांचं तोंड कितीही आवळलं तरी गळणार.

सगळं लिहून झाल्यावर जुनं रबर मधोमध कापून आत बघा. काही प्रेशर पाईपांत पंपाची धडधड शोषायला धातूच्या पट्टीची किंवा प्लास्टिकची बारीक नळी घातलेली असते, काहींच्या टोकात बारीक छिद्राचा अडथळा बसवलेला असतो. त्या गोष्टी कचरा समजून फेकल्या तर नव्या पाईपवर स्टेअरिंग गुणगुणायला लागतं.

तयार पाईप मिळतो का ते बघा

सगळ्याच गाड्यांसाठी बनवून घ्यायची गरज नाही. मर्सिडीजच्या डब्ल्यू १२३ आणि १९९५ पासून पुण्यात जुळणी झालेल्या डब्ल्यू १२४ चे कित्येक भाग कंपनीच्या क्लासिक विभागातून आजही मागवता येतात. शोरूमच्या पार्ट्स काउंटरवर चासी नंबर द्या, मॉडेलचं नाव सांगून थांबू नका. जुन्या पाईपच्या कॉलरवर ठोकलेला नंबरही दाखवा. देशी जुन्या गाड्यांसाठी चर्नी रोड स्टेशनबाहेर ऑपेरा हाऊसच्या स्पेअर्सच्या दुकानांपासून सुरुवात करा. तिथले जुने दुकानदार भाग हातात घेऊन ओळखतात. नमुना आणि वही दोन्ही सोबत न्या.

इम्पालाचं प्रकरण वेगळं. शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९५४ मध्ये बंद पडला, इम्पाला आली ती त्यानंतर, १९५८ मध्ये. आपल्याकडे फिरलेल्या इम्पाला बाहेरून आलेल्या, त्यांतल्या बऱ्याच उजव्या हाताच्या. अमेरिकेत जुन्या गाड्यांसाठी नव्याने बनवलेले पाईप मिळतात खरे, पण ते डाव्या हाताच्या गाडीच्या मापाचे असतात. आपल्या गाडीत बॉक्स दुसऱ्या बाजूला असल्यामुळे लांबी आणि बाक जुळतीलच असं नाही. विक्रेत्याकडून लांबी आणि टोकांचे फोटो आल्याशिवाय पैसे पाठवू नका. कुरिअर, कस्टम ड्युटी आणि जीएसटी भरून चुकीचा पाईप घरी येण्यासारखं दुःख नाही.

"ओरिजिनल, सीलबंद, तीस वर्षांपूर्वीचा" असा पाईप कुणी काढून दाखवला तर मन मोहतं. पण डब्यात बंद असलं तरी रबराचं वय वाढतंच. तो घ्यायचा असेल तर त्याच्या धातूच्या टोकांसाठी घ्या आणि रबर नवं घाला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या मालालाही हाच नियम. भंगारातला पाईप म्हणजे टोकांचं भांडार, यापलीकडे त्याच्यावर विश्वास टाकू नका.

बनवून घ्यायचा तर

माझ्या मते बहुतेक जुन्या गाड्यांसाठी हाच उत्तम मार्ग आहे. मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला जा. होज, फिटिंग, ओ-रिंग, कॉपर वॉशर सगळं त्याच परिसरात मिळतं. रविवारी जाऊ नका आणि सकाळी लवकर पोहोचा, कारण दुपारनंतर हातगाड्यांच्या गर्दीत निवांत माप तपासायला कुणालाच वेळ नसतो. नवी मुंबईकडे राहत असाल तर कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलच्या आसपास ट्रक आणि जेसीबीचे पाईप क्रिम्प करून देणारे भेटतात आणि त्यांचा हात रोजच्या सरावाचा असतो.

होज मागताना पॉवर स्टेअरिंगचा प्रेशर होज मागा, एसएई जे १८८ छापलेला. यात तारेऐवजी सुताची वीण असते, त्यामुळे तो दाबाखाली किंचित फुगतो आणि पंपाचे धक्के पचवतो. तो नाहीच मिळाला तर दुकानदार सांगेल, "काका, टू-वायर घ्या, जेसीबीला चालतो, तुमच्या गाडीला काय होणार?" ताकदीचा मुद्दा खरा आहे, पण इतकी ताकद इथे लागतच नाही. तीन सुताचा वन-वायर (तारेच्या एका विणीचा) होज, ज्यावर ईएन ८५३ १ एसएन छापलेलं असतं, १८० बार कामाच्या दाबाचा असतो आणि आपलं काम १०० बारच्या आत आहे. टू-वायर ३३० बारचा, पण ताठ, जड, आणि पंपाचा आवाज थेट स्टेअरिंगपर्यंत पोहोचवणारा. म्हणून जे १८८ पहिला, वन-वायर दुसरा, टू-वायर नको. वन-वायरचा किमान बाक १३० मिलिमीटर त्रिज्येचा असतो, त्याहून घट्ट वळण तुमच्या तारेच्या नमुन्यात असेल तर ते वळण रबरात न घेता लोखंडी पाईपमध्ये घ्या. शिवाय या हायड्रॉलिक होजची उष्णतेची मर्यादा साधारण १०० अंश सेल्सिअस असते, तेव्हा मॅनिफोल्डजवळून जाताना उष्णतारोधक स्लीव्ह घातलीच पाहिजे.

होजवर बनल्याची तिमाही आणि वर्ष छापलेलं असतं. ते वाचा. गोदामाच्या उकाड्यात चार-पाच वर्षं पडलेला मीटरभर तुकडा मी घेणार नाही, स्वस्त दिला तरी.

टोकांचं काम असं होतं. जुनी कॉलर काळजीपूर्वक कापतात, मूळ लोखंडी पाईप आणि नट वाचवतात आणि त्या पाईपला नव्या होजच्या मापाची, होजमध्ये शिरणारी शेपटी सिल्व्हर ब्रेझिंगने (चांदीच्या डाकाने) जोडतात. हे काम क्रिम्पिंगच्या आधी झालं पाहिजे, नाहीतर उष्णतेने रबर करपतं. मूळ पाईप गंजला असेल तर बिनजोड स्टीलची नळी वापरा. तांब्याची नळी वळवायला सोपी, पण थरथराटाने कडक होऊन तडकते, प्रेशर लाईनला ती चालत नाही. पाण्याच्या किंवा गॅसच्या लाईनची कॉम्प्रेशन फिटिंगही नाहीत. आणि प्रेशर पाईपला स्क्रूची क्लिप कधीही नाही, दोन लावल्या तरी नाही. तिथे क्रिम्पच.

क्रिम्प करण्यापूर्वी दोन्ही टोकं होजमध्ये घालून कोन जुळवा आणि होजवर व टोकावर खडूने एक सलग रेघ मारा. कारागिराला तारेचा नमुना दाखवा. या कामात घाई नको. चांगला कारागीर स्वतःच थांबून बघतो, आणि असा माणूस सापडला तर त्याला धरून ठेवा.

क्रिम्प झाल्यावर पाईप डोळ्याला लावून उजेडाकडे बघा. आत रबर गोळा होऊन वाट अडली नाही ना, ते दिसतं. होज कापताना पडलेली रबराची आणि तारेची भुकटी आत असते, ती पंपाची पाती आणि व्हॉल्व्ह खाते. स्वच्छ तेलाने पाईप दोन-तीनदा धुऊन हवा मारून घ्या. दुकानात हँडपंप असेल तर तेल भरून १५० बारला काही मिनिटं धरून दाखवायला सांगा. कॉलरपाशी ओल आली किंवा होज सरकला तर तो पाईप घेऊ नका. बिलावर होजचा प्रकार आणि माप लिहून घ्या.

रिटर्न पाईपला एसएई जे १८९ चा किंवा तेल आणि उष्णता दोन्ही सोसणारा नायट्राईल होज पुरतो. तो प्रेशर पाईपसोबतच बदला.

बसवणं आणि हवा काढणं

नवे वॉशर, नवी ओ-रिंग. जुना कॉपर वॉशर तापवून परत वापरण्याइतकी बचत इथे करू नका. टेफ्लॉन टेप लावायची नाही: फ्लेअर, ओ-रिंग आणि बँजो यांत तेल आट्यांनी अडत नाही, बैठकीवर अडतं, आणि टेपचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जातात. नट पहिले चार-पाच फेरे बोटांनी फिरला पाहिजे. दोन्ही टोकं सैल लावा, पाईपची वाट बघा, मग आवळा. होजवर लांबीभर छापलेली रेघ सरळ दिसली म्हणजे पीळ नाही. दाबाखाली होज आखडू शकतो, म्हणून तो ताणून बसवू नका, थोडी ढील ठेवा. चाकं दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाईप कुठे घासत नाही ना, ते बघा, आणि हे गाडी चाकांवर उभी असताना बघा.

तेल भरल्यावर पुढची चाकं जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहा, वीस-पंचवीस वेळा, आणि टाकीतलं तेल कमी होईल तसं भरत जा. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून आयडलवर तेच करा. फेस आला तर इंजिन बंद करा, अर्धा तास थांबा, पुन्हा करा. फेसाळलेल्या तेलावर पंप चालवत राहू नका. तेल गरम झाल्यावर पातळी परत तपासा.

पहिली फेरी घराजवळच मारा आणि परत आल्यावर दोन्ही टोकं कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. आठवड्याने पुन्हा, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर क्लिप सोडून एकदा. मापांची वही आणि तारेचा नमुना गाडीच्या सामानातच ठेवा. पुढच्या वेळी पाईप बनवायला तुमच्याऐवजी दुसरं कुणी गेलं तरी त्याला हे सगळं पहिल्यापासून मोजावं लागणार नाही.